समासातली साक्ष

सुर्ल्याच्या गोकुळदासाला सगळा गाव ‘साक्षीदार’ म्हणायचा, आणि ते कौतुकाने नव्हे. पोर्तुगिजांच्या वेळी, सत्तावन्न साली, डिचोलीच्या कोर्टात बारा माडांच्या हद्दीचा खटला उभा राहिला होता. एका बाजूला भाटकार, म्हणजे जमीनमालक, दुसऱ्या बाजूला एक विधवा. गोकुळदास भाटकाराच्या बागेत राबणारा. हद्दीचा दगड पहिल्यापासून ओहोळाच्या पलीकडेच होता, असं त्याने शपथेवर सांगितलं. दुभाष्याकरवी न्यायाधीशाने विचारलं, “दहा वर्षांपूर्वीचं तुला इतकं नेमकं कसं आठवतं?”

गोकुळदास म्हणाला, “त्या दिवशी आयतार होता. माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता, म्हणून मी त्या दगडावर टेकलो. पलीकडच्या घरात बांगडे भाजत होते, आणि वारा माझ्या अंगावर येत होता.”

टाचेचा फोड आणि बांगड्यांचा वास, एवढ्यावर विधवेचे बारा माड गेले. साक्ष सपशेल खोटी होती. दोन वर्षांनी भाटकाराच्याच मुलाच्या तोंडून ते बाहेर आलं. त्यानंतर गोकुळदासाला कोणी कशालाही साक्षीला बोलावलं नाही. लग्नाच्या नोंदणीला नाही, गाय विकतानाच्या कागदालाही नाही.

सुमंगला त्याची थोरली मुलगी. तिच्याबद्दल लिहायचं तर बापापासूनच सुरुवात करावी लागते, कारण गावाने तीच केली. शाळेत पाटी हरवली तर आधी हिची झडती. लग्नाची दोन स्थळं आली, दोन्ही वाटेतच कोणीतरी अडवून परत पाठवली. मी तिला ओळखू लागले तेव्हा ती तेहतिशीची होती, आरोग्य उपकेंद्रात तात्पुरती मदतनीस. बाळांची वजनं करायची, गोळ्या वाटायच्या, डोंगर चढायचे. बारीक अंगाची, उंच कपाळाची, आणि बोलायला अशी काटेकोर की समोरच्याला घाम फुटावा. “दहाच्या सुमाराला आले” असं ती कधी म्हणायची नाही. “दहाला सात मिनिटं कमी होती” म्हणायची. प्रत्येक बसचं तिकीट जपून ठेवायची आणि ज्या कामासाठी गेली त्या कागदाच्या कोपऱ्याला सुई-दोऱ्याने शिवून टाकायची. टाचणी गंजते, डिंक पावसात सुटतो, दोरा राहतो, हे तिचं शास्त्र.

“इतकं कशाला गं?” मी एकदा विचारलं.

“बाई, तुम्ही सांगता ते लोक ऐकतात. माझं आधी मोजतात,” ती म्हणाली आणि गाठ दाताने तोडली.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत मुंबईच्या एका संस्थेतून डॉ. राजेश इंगवले माझ्याकडे आले. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत, मनाच्या शास्त्राचे. मूळ कोल्हापूरकडचे, गोरेपान, इस्त्रीचा शर्ट, घाईचा स्वभाव. मी म्हापशाच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि राहायला डिचोलीत, म्हणून मला स्थानिक देखरेखीचं काम मिळालं. त्यांना शोधायचं होतं ते असं: माणसाचा स्वभाव आईबापांकडून रक्तातून किती येतो आणि परिस्थितीने किती घडतो. त्यासाठी जुळी हवीत. जुळी दोन प्रकारची. एकाच गर्भाची दोन झालेली, हुबेहूब. त्यांचं रक्त सोळा आणे सारखं. आणि एकाच वेळी पोटात राहिलेली दोन वेगळी भावंडं. त्यांचं साधारण आठ आणे सारखं. दोघांनाही नव्वद प्रश्न विचारायचे, ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ यांपैकी एकावर खूण करायची. हुबेहूब जुळ्यांची उत्तरं दुसऱ्यांपेक्षा जास्त जुळली, की तो जास्तीचा भाग रक्ताचा. कागदावर हे इतकं देखणं दिसतं, की मीही वर्गात वर्षानुवर्षं तसंच शिकवलं होतं.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत जुळी शोधायला मी सुमंगलेला लावलं. दप्तरात एकोणीस जोड्यांची नोंद होती. हिने अडतीस काढल्या. वाड्यावर जाऊन बायकांना हसत विचारायची, “हांगा जुळां केळां कोणी खाल्लां गो?” जुळं केळं खाल्लं की जुळी होतात, ही आपल्याकडची जुनी समजूत. बायका हसत हसत सगळ्या गावाचा इतिहास सांगून टाकायच्या.

मग प्रश्न सुरू झाले, आणि त्या देखण्या कागदाची दशा झाली. ‘तुम्हाला एकटे राहायला आवडते का?’ यावर डिचोलीची सुशीला म्हणाली, “एकटां? कोणी रावंक दिलां तर सांगीन!” ‘तुम्हाला पार्टीला जायला आवडते का?’ यावर निवडणुकीची पार्टी समजून एका म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. “खंयची पार्टी? सिंहाची काय हाताची?” त्या वर्षी मराठी की कोकणी या वादाने घराघरांत पेटलेलं, त्यामुळे मराठीत छापलेला कुठलाही कागद दिसला की आधी विचारायचे, “कोणी धाडलां तुका?” सुमंगला शांतपणे सांगायची, “बाबा, मत नको. स्वभाव हवा.”

पेडण्यात, मोपाच्या सड्यावर, धाकू आणि मधुकर हे हुबेहूब जुळे भाऊ होते. आता तिथे विमानं उतरतात, तेव्हा गुरं चरायची. ‘तुम्ही निर्णय पटकन घेता का?’ असं विचारल्यावर धाकू म्हणाला, “प्रसाद मिळालो काय बेगीन घेतंय.” म्हणजे देवळात देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि उजवी पाकळी पडते की डावी यावरून ठरवायचं. गाय घ्यावी का, मुलगी द्यावी का, सगळं तसंच. मधुकराचंही अक्षरशः तेच उत्तर. डॉक्टरांनी खूश होऊन ती जोडी लाल रेघेने अधोरेखित केली. सुमंगला मला हळूच म्हणाली, “बाई, दोघांचं जुळलं ते रक्तातून की देवळातून? त्या देवळाचे तर तीनशे लोक आहेत. सगळेच जुळे?”

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारायला हवा होता. विचारला नाही. ते मोठ्या संस्थेचे होते आणि मी एक प्राध्यापिका, एवढंच कारण.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना खटकायची. सुमंगला प्रत्येक फॉर्मच्या समासात बारीक अक्षरांत लिहायची. ‘सासू खाटेवर, झोपेचं सोंग.’ ‘नवरा दारात. सुशीलाने त्याच्याकडे बघून नाही म्हटलं. नंतर विहिरीवर भेटली तेव्हा हो म्हणाली. दोन्ही लिहिलं आहे.’ ‘वारा इकडचा, घरभर धूळ.’

“समासात लिहू नकोस,” डॉक्टर तिला तीनदा म्हणाले. “ती जागा कार्यालयासाठी आहे. मला फक्त खुणा हव्यात.”

“बरं,” ती म्हणायची, आणि लिहायची.

ऑगस्टमध्ये फेरतपासणी होती. अशा अभ्यासात काही लोकांना तेच प्रश्न काही महिन्यांनी पुन्हा विचारतात. स्वभाव खरा असेल तर उत्तरं साधारण तीच यायला हवीत. मोपातल्या लोकांची आली. सुर्ल्यातल्या लोकांची मात्र पार उलटीपालटी झाली. सर्वांत वाईट जोडी बाबली आणि सगुण यांची. दोघे हुबेहूब, दोघेही खनिजाच्या ट्रकचे ड्रायव्हर. एप्रिलच्या फॉर्ममध्ये चिडके, उतावळे, झोप नसलेले. ऑगस्टमध्ये दोन साधू. बदलले तेही दोघे एकसारखे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर स्वतः माझ्या दारात उभे राहिले. चहाही न घेता म्हणाले, “मॅडम, ही बाई घरी बसून फॉर्म भरते.”

“प्रत्येक फॉर्मला तिकीट शिवलेलं आहे.”

“तिकिटावरून ती गेली एवढं कळतं. विचारलं, हे कळत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाजारात चहा घेतला तिथे सांगितलं मला, बाप कोण ते. असल्या गोष्टी रक्तातच असतात म्हणे.”

“हा तुमच्या अभ्यासाचा निष्कर्ष, की चहावाल्याचा?”

त्यांनी बॅग उघडून दाखवली. आत आरोग्य खात्याला लिहिलेलं पत्र तयार होतं: या मदतनीस बाईने खोटी माहिती भरली, पुढे असल्या कामावर घेऊ नये. सोमवारी टपालात टाकणार होते. सुमंगलेला कायम करण्याचा प्रस्ताव त्याच खात्यात पडून होता. नोकरीचं एक वेळ सोडा. इतकी वर्षं सुई-दोऱ्याने शिवत आणलेलं तिचं नाव त्या एका पत्राने उसवणार होतं, आणि गाव म्हणणार होता, आम्ही तर आधीच सांगत होतो.

ते गेल्यावर मी कपाट उघडून बाबलीचा एप्रिलचा फॉर्म काढला. समासात लिहिलं होतं: ‘बारा एप्रिल, शनिवार. सव्वाअकरा. ट्रक दारात चालूच. सकाळची एक ट्रिप चुकली म्हणून तणतण. बायकोने पाणी दिलं, पेला भिरकावला. शेजारी बांगडे भाजत होते.’

बांगडे! मला सरळ कोर्टातला गोकुळदास दिसला. खोटं सांगणाराच इतका तपशील देतो, असं माझ्या मनात आलं, आणि मी फॉर्म मिटून ठेवला. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं झालं. वीस वर्षं विज्ञान शिकवून माझीही उडी चहावाल्याइतकीच.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी तिला बोलावून घेतलं. डॉक्टर कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसले, ती उभीच राहिली. त्यांनी दोन्ही फॉर्म तिच्यापुढे टाकले. “एका माणसाचे चार महिन्यांत दोन स्वभाव कसे झाले?”

तिने फॉर्म उचलले, सरळ केले, आणि विचारलं, “तुम्ही एप्रिलात सुर्ल्यात आला होता?”

“नाही.”

“ऑगस्टात?”

“नाही. त्याचा इथे काय संबंध?”

“एप्रिलात ट्रक चालू असतात. खाणीवरून जेटीवर, जेटीवरून खाणीवर. जितक्या ट्रिपा तितकी मजुरी. वजनकाट्यावर रांग, रस्त्यावर रांग, तोंडात माती. पावसात खाण बंद. ट्रक ठोकळ्यांवर चढवतात आणि बाबली चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधायची फळं शोधत रानात फिरतो. मी दोन्ही बाबलींना विचारलं. दोघांनी खरं सांगितलं. लिहिलंय ना समासात.”

“समासात काय, काहीही लिहिता येतं,” डॉक्टर म्हणाले. “माशांचा वाससुद्धा.”

बाजारातली गोष्ट त्यांना कितपत सांगितली गेली होती, हे त्या एका वाक्याने कळलं. सुमंगला रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने फॉर्म डॉक्टरांपुढे ठेवले.

“पत्र टाकायचं तर टाका,” ती म्हणाली. “पण आधी बाबलीला तुम्ही विचारा. स्वतः. खाण सुरू होऊन आठवडा झाला. मी दारातसुद्धा येणार नाही. त्याला शिकवला असं म्हणाल, म्हणून मी आत्तापासून ह्या घराबाहेर पाऊल टाकत नाही. बाई, मला सोमवारपर्यंत इथे ठेवा.”

“आणि तो शांतपणे बोलला तर?”

“तर पत्र टाका.”

दोन दिवस ती माझ्याकडे राहिली. तांदूळ निवडले, माझे सगळे फाटके परकर शिवले, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, पडद्याला नवी घडी घातली. एकही शब्द बाबलीबद्दल नाही. रविवारी दुपारी मात्र तिला सुईत दोरा ओवता येईना. मीच तो ओवून दिला.

“बाई,” ती एकदम म्हणाली, “माणूस आहे तो. सोमवारी नेमका खुशीत असला तर?”

आमच्या शास्त्राकडे याचं उत्तर नव्हतं.

सोमवारी नऊ वाजता डॉक्टर आणि मी सुर्ल्यात बाबलीच्या ओट्यावर. समोर रस्ता, रस्त्यावर लाल धुळीतून एकामागून एक ट्रक. बाबलीचा ट्रक दारात घरघरत होता आणि तो उभ्या उभ्या चहात उंडो, म्हणजे गोल पाव, बुडवून खात होता.

“नमस्कार. आपला थोडा वेळ हवा होता. नव्वद प्रश्न आहेत,” डॉक्टर म्हणाले.

“नव्वद?” बाबलीने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “बाई, ह्येंका पिसां लागलां काय? माका वेळ ना!”

“तुम्हाला क्षुल्लक गोष्टींचा राग येतो का?”

“आता येतलो!”

मागून एका ट्रकने भोंगा वाजवला. बाबली उंड्याचा तुकडा तोंडात कोंबून धावला, आणि चढता चढता ओरडला, “विचारचां आसा तर वयर येवन बस, पात्रांव!”

‘पात्रांव’, म्हणजे मालक, झालेल्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “जा की. तुम्हीच म्हणता ना, विचारलं ते कळायला हवं.” इस्त्रीचा शर्ट घालून ते त्या केबिनमध्ये चढले आणि धुळीत दिसेनासे झाले.

मी बाबलीच्या बायकोशी, रत्नाशी, बोलत बसले. ती म्हणाली, “बाई, हो पावसांत किदो बरो! माका शेवग्याचो पालो काडून दिता. मागीर ऑक्टोबर आयलो काय हांव पेले कुडींत दवरतां.” पेले खोलीत ठेवते! मी हसले. समासातला भिरकावलेला पेला मला आठवला. हा पुरावा मी सहा महिन्यांपूर्वी वाचला असता तर आज इथे यायची वेळ आली नसती.

पहिल्या ट्रिपनंतर ट्रक थांबलाच नाही, भोंगा देऊन पुढे गेला. दुसऱ्या ट्रिपनंतर, बाराच्या पुढे, डॉक्टर उतरले. शर्ट कौलाच्या रंगाचा, भुवया त्याच रंगाच्या, घसा बसलेला. बाबली खिडकीतून डोकं काढून हसत होता.

“बाई! तुमचो डॉक्टर बऱ्यो गाळी घालता हां! काट्यार एकान आमच्या मदीं ट्रक घातलो. हांव भायर सरपाच्या आदीं हो भायर! त्याच्या सात पिढ्यांचो उद्धार केलो, तोय कोल्लापुरी! सगळे ड्रायव्हर आयकत रावले.”

“चल, चल,” डॉक्टर पुटपुटले.

ओट्यावर बसून दोन तांबे पाणी प्यायल्यावर त्यांनी फॉर्म ताडून पाहिले. नव्वदांपैकी एकाहत्तर उत्तरं एप्रिलच्या बाबलीशी जुळली, ऑगस्टच्या बाबलीशी फक्त बेचाळीस. पण काही प्रश्न असे होते की तिन्ही वेळा उत्तर तेच. अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं का? हो, हो आणि हो. बाबली रागात असो की रानात, बडबड्या तो बडबड्याच, आणि सगुणचंही तसंच. तेवढं कदाचित रक्ताचं असेल. नसेलही, त्यांची आईसुद्धा सगळ्या वाड्याला पुरून उरेल इतकी बोलते, आणि तिने दोघांना रक्तही दिलं आणि संगतही. कुठून काय आलं ते वेगळं कसं काढणार? दुधात पाणी किती ते सांगता येतं, पण इथे दूध आणि पाणी एकाच गाईचं.

डिचोलीत परतेपर्यंत डॉक्टर भुवयांवरची धूळ पुसत होते. घरात सुमंगला जनेलापाशी उभी होती. तिने आधी त्यांचा शर्ट पाहिला, मग तोंड.

डॉक्टर बाकावर बसले. पेन काढलं आणि बाबलीच्या नव्या फॉर्मच्या समासात लिहायला लागले. मी वाकून वाचलं: ‘सहा ऑक्टोबर, सोमवार. दोन ट्रिपा. काट्यावर पन्नास मिनिटं रांग. प्रश्न विचारणाराही संतापला.’ मग खिशातून वजनकाट्याची चुरगळलेली चिठ्ठी काढली.

“सुई-दोरा आहे का?” त्यांनी विचारलं.

तिने दिला. इतकी वेडीवाकडी शिवण मी जन्मात पाहिली नाही. सुमंगला बघत राहिली, शेवटी न राहवून म्हणाली, “गाठ मारा. नाहीतर सुटतं.”

त्यांनी गाठ मारली. माफी वगैरे काही मागितली नाही. पुरुषांना, त्यातून डॉक्टरांना, ते जड जातं. पण आरोग्य खात्याचं ते पत्र बॅगेतून काढलं, उलटं केलं, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर चार रकाने आखले: महिना. शेजारी कोण. काम चालू की बंद. आज काय घडलं. “उरलेल्या सगळ्या फॉर्मांचे हे रकाने तुमच्या समासांतून भरून द्याल?” त्यांनी तिला विचारलं. ‘तू’वरून ‘तुम्ही’ झालेलं आम्हा दोघींनाही ऐकू आलं.

“पंधरा दिवस लागतील,” ती म्हणाली. तेरा लागले.

अभ्यासाचा अहवाल सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात टपालाने आला. गोवा घटक राज्य होण्याचा तोच आठवडा. डिचोलीच्या बाजारात फटाके वाजत होते आणि मी पायरीवर बसून तळटिपा शोधत होते. सुर्ल्याच्या जोड्या गाळल्या होत्या. खाली बारीक अक्षरांत: ‘स्थानिक रोजगाराच्या हंगामी परिणामामुळे.’ सुमंगलेचं नाव कुठेच नव्हतं. डॉक्टर रकान्यांसाठी संस्थेत भांडले होते म्हणे. वरच्यांना खुणाच हव्या होत्या. मला राग आला आणि अजून येतो. गैरसोयीचं सगळं तळटिपेत ढकलायचं आणि वर निष्कर्ष छापायचे! त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. आता थेट जनुकं तपासतात, लाखो माणसांची. तरी मी वाचते ते असंच, की स्वभावावर रक्ताचा परिणाम आहे खरा, पण रागाचं एक जनुक, खरेपणाचं एक जनुक असं काही सापडत नाही. शेकडो, हजारो जनुकं, प्रत्येकाचा वाटा मोहरीएवढा. आणि राग म्हणजे काय, भित्रेपणा म्हणजे काय, हे अजूनही माणसाला विचारूनच लिहून घ्यावं लागतं. तिथे कोण बसलं होतं, ते समासातच राहतं.

अहवाल मी सुमंगलेला दाखवला. तिने विचारलं, “मग ठरलं काय, बाई?”

“थोडं रक्तातून येतं. किती आणि कसं, ते नाही ठरलं.”

“म्हणजे बाजारातल्या चहावाल्याचं अजून चालू राहणार.”

“राहणार.”

“राहू दे,” ती म्हणाली आणि अहवालाच्या पाकिटाची दोरी सोडवून आपल्या पिशवीत घातली. दोरी चांगली होती.

त्या ऑगस्टमध्ये तिला कायम केल्याचा हुकूम आला. सोबत एक हमीपत्र, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. पहिली माझी. दुसरीसाठी उपकेंद्राच्या डॉक्टरीणबाई तयार होत्या, बाबलीही तयार होता. ट्रक ठोकळ्यांवर असल्यामुळे तो अगदी प्रेमात होता. सुमंगला मला म्हणाली, “बाई, सुर्ल्यात चला जरा.”

गोकुळदास ओट्यावर बसला होता, सत्तरी ओलांडलेला, काठीसारखा. तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. “बाबा, हांगा साक्षीदाराची सही करा.”

तीस वर्षांत त्याला कोणी हा शब्द त्याच्या खऱ्या अर्थाने ऐकवला नव्हता. त्याने कागदाला हात लावला नाही. “माजी? माजी सही कोण घेतलो गो?”

“वाचा आधी. खरं असेल तरच करा.”

त्याने चष्मा लावला. हमीपत्राच्या एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, तो वाचू लागला. अर्धा तास गेला. मी दोनदा घड्याळ पाहिलं. सुमंगलेने एकदाही नाही. वाचून झाल्यावर म्हातारा म्हणाला, “खरां आसा,” आणि पेन उघडलं. मग थांबला. “आज खंयचो वार?”

“बुधवार,” मी म्हटलं.

“हांगा कोण कोण आसात?”

“मी आणि बाई.”

त्याने नाक वर करून वास घेतला. “रांदचे कुडींत किदें भाजतात?”

“बांगडे, बाबा.”

गोकुळदासाने मान डोलावली, कागदाच्या कडेला पेन टेकवलं, आणि थरथरत्या अक्षरांत ‘बु’ लिहिला.

“बाबा,” सुमंगला म्हणाली, “समासात लिहू नका.”

“मागीर खंय बरोवं?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या वहीतलं एक कोरं पान फाडून त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. तो लिहायला लागला तेव्हा ती उठली आणि फळीवरची सुई-दोऱ्याची डबी काढून आणली.